काकांचा मोडक्या तुकड्यांचा डबा

प्रिय आई आणि बाबा,

काका गेल्याचं परवा फोनवर सांगितलंत तेव्हा मी नुसतंच 'हो, हो' म्हणत राहिले. बाबा, तुमचा आवाज बसला होता. फोनवर तुम्ही दोघं माझीच समजूत घालत बसता, म्हणून हे पत्र.

सायकल आठवते? मी सातवीत होते. चढावर पेडलवर उभी राहिले आणि क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, काडकन मोडला, गुडघा फुटला. तुम्ही आधी सायकलीकडे बघितलंत, मग माझ्याकडे. "दांडगाई केली की असंच होणार." काका नेमके तेव्हा आले होते. त्यांनी खिशातलं भिंग काढलं आणि दोन्ही तुकडे घेऊन खिडकीशी गेले. मी ते जुळवून बघायला हात पुढे केला तर चक्क ओरडले. घासले गेले की खुणा पुसतात म्हणे.

मग मला दाखवलं. निम्म्याहून जास्त भाग गुळगुळीत, काळपट, आणि त्यावर ओल्या वाळूवर लाटा ठेवून जातात तशा कमानी. उरलेला खडबडीत, ताजा, चमचमणारा. सगळ्या कमानी एकाच जागेभोवती, पेडल बसतं त्या भोकाच्या काठावरच्या बारीकशा ओरखड्याभोवती. "हा आज मोडलेला नाही," ते तुम्हाला म्हणाले. "कित्येक महिने मोडत होता. तडा दर फेरीला केसभरही नाही सरकत, पण सरकतो. आज उरलेलं तुटलं, एवढंच. ही नसती तर तुम्ही पडला असता."

बाबा, तुम्ही काही बोलला नाहीत. पण त्या रात्री गुडघ्याची पट्टी तुम्ही बदललीत.

काका मेटलर्जिस्ट, धातूंचे अभ्यासक. म्हणजे नक्की काय ते मला त्या दिवशी कळलं. पुढे त्यांनी सुया तापवून दाखवल्या. एक सुई लालभडक करून पाण्यात बुडवली आणि वाकवायला गेलो तर कट्‌कन तुटली, काचेसारखी. दुसरीला तसंच पाणी दिलं, पण मग पॉलिश पेपरवर घासून ती तव्यावर हळूहळू तापवत ठेवली. आधी गवती पिवळा रंग चढला (२३० अंशांच्या आसपास), मग तपकिरी, जांभळा. ३०० च्या सुमाराला निळा आला तशी काकांनी ती उचलली. ती वाकली आणि सोडल्यावर सरळ झाली. लोक यातून तत्त्वज्ञान काढायला लागले की काका वैतागायचे. "पोलाद तापवून सुधारतं. माणूस तापवला की फक्त चिडतो."

त्यांचा लाडका माणूस इंग्लंडमधल्या शेफिल्डचा शास्त्रज्ञ हेन्री सॉर्बी. १८६३-६४ च्या सुमाराला त्याने पोलाद घासून, आम्लाने खाऊ देऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. त्या काळी रेल्वेच्या अपघातानंतर रूळ सूक्ष्मदर्शकाने तपासा म्हटलं असतं तर लोकांनी मला वेड्यांच्या इस्पितळात धाडलं असतं, असं तो पुढे म्हणाला होता. काका हे प्रत्येक वेळी नव्याने सांगायचे आणि स्वतःच आधी हसायचे.

आई, झोपाळ्याचं तर तुला माहीतच आहे. मैदानातल्या झोपाळ्याचा आकडा झिजलेला दिसला म्हणून त्यांनी तो बांधून ठेवला आणि नवा बसेपर्यंत तीन दिवस तिथेच खुर्ची टाकून बसले. आम्ही पोरं त्यांना काय काय बोललो! त्यांनी शांतपणे पेपर वाचला. आज कुणाचंही फाटक करकरलं, बिजागरी तुटली, तर पहिला फोन कुणाला करायचा हा प्रश्न पडलाय म्हणालीस ना, तो मला खराच वाटतो.

बाबा, एक काम आहे. त्यांच्या टेबलाखाली मोडक्या तुकड्यांचा पत्र्याचा डबा असायचा. प्रत्येक तुकड्याला चिठ्ठी: काय, कुठे, तडा कुठून सुरू झाला. काकू आवराआवरीला लागतील तेव्हा तो भंगारात जाऊ देऊ नका. त्यात माझा क्रँकही आहे. चिठ्ठीवर 'चूक: कुणाचीच नाही' असं लिहिलंय, मी मोठी झाल्यावर वाचलं होतं.

दोन्ही तुकडे वेगवेगळ्या कापडात गुंडाळा, कोरड्या जागी ठेवा. मी सुट्टीत येईन तेव्हा घेऊन जाईन. आणि प्लीज, जुळवून बघू नका.

तुमची,
धाकटी