आमदारांचीही सूची छापा

महोदय,

एसटीतून निवृत्त झाल्यापासून मी जाडजूड विज्ञान कादंबऱ्या वाचतो. फ्रँक हर्बर्ट यांच्या १९६५ च्या ‘ड्यून’मध्ये शेवटी शब्दसूची आणि परिशिष्टे आहेत. अडलं की मागची पानं उलटायची, गाडी पुन्हा सुरू. बायको म्हणते, एवढा अभ्यास शाळेत केला असता तर!

राजकारणाच्या बातम्या वाचताना मात्र मागे उलटायला काहीच नसतं. पक्षांतरबंदी कायदा १९८५ चा. एक-तृतीयांश आमदार एकत्र फुटले तर आमदारकी वाचायची, ती पळवाटही २००३ मध्ये बुजवली. तरी शिवसेना फुटली, राष्ट्रवादी फुटली आणि २०२४ मध्ये विधानसभा अध्यक्षांनी दोन्ही प्रकरणांत एकाही आमदाराला अपात्र ठरवलं नाही. ना या गटाच्या, ना त्या. मी तर हातच टेकले. कादंबरीत पात्राने बाजू बदलली की पटेल असं कारण लेखकाला द्यावं लागतं. इथे ‘मतदारसंघाच्या विकासासाठी’ एवढ्यावर भागतं, आणि आपण ते खपवून घेतो.

निवडणुकीच्या वेळी तुम्ही उमेदवारांची मालमत्ता छापता. त्याशेजारी आधीचे पक्ष, सालासकट, छापा. जागा कमी पडली तर राशिभविष्य एक दिवस वगळा.

— एक निवृत्त वाहतूक नियंत्रक, सातारा