आधी चौकोन शिव, मग कथा वाच

टोरांटो, ९ नोव्हेंबर

प्रिय मावशी,
सा. न.

तुझा निरोप आईकडून कळला. हुरड्याच्या दिवसांत भिशीच्या बायकांना गोधडीच्या कथा वाचून दाखवायची कल्पना झकास आहे. पण तू मागितलीस तशी लांबलचक यादी काही देत नाही. इकडे क्विल्टवरच्या कादंबऱ्यांनी अख्खं कपाट भरेल, पण बऱ्याचशांत चार मैत्रिणी, एक गोधडी आणि शेवटी सगळ्यांचं भलं, एवढंच असतं. टाका ओळखता आला तरच ज्या उलगडतात अशा तीनच सांगते.

आधी एक फरक बायकांना समजावून सांग. आपल्या वाकळीत जुन्या लुगड्यांचे थर अंथरून त्यावर ठिगळं ठेवली की एकाच धावदोऱ्यात सगळं पक्कं होतं. त्यांच्याकडे ही दोन वेगळी कामं. आधी तुकडे जोडून वरचा पदर पुरा करायचा, मग खाली कापसाचा थर आणि अस्तर घालून तिन्ही एकत्र धरायचे. ते धरायचे दोन प्रकार: सगळीकडून बारीक धावदोरा घालायचा, नाहीतर चार-चार बोटांवर दोरा आरपार काढून गाठी मारायच्या.

आता पहिली कथा, सुझन ग्लास्पेलची 'अ ज्युरी ऑफ हर पिअर्स'. १९१७ची आहे, त्यामुळे नेटवर फुकट मिळते. ग्लास्पेल बातमीदार होती. १९०० साली आयोवात एका शेतकऱ्याचा झोपेत कुऱ्हाडीने खून झाला, बायकोवर आरोप आला आणि त्या प्रकरणाच्या बातम्या हिने दिल्या. त्यावरून १९१६ मध्ये 'ट्रायफल्स' ही एकांकिका आणि पुढच्या वर्षी ही कथा. कथेतल्या नवऱ्याचा गळा मात्र दोराने आवळलेला आहे. शेरीफ आणि सरकारी वकील माडीवर नि गोठ्यात पुरावा शोधत फिरतात, आणि त्यांच्याबरोबर आलेल्या दोन बायकांना खाली स्वयंपाकघरात, अटकेत असलेल्या बायकोची अर्धवट गोधडी सापडते. सगळे चौकोन नीटस, एकच वेडावाकडा. मिसेस हेल काही न बोलता तो उसवते आणि पुन्हा नीट शिवायला घेते. म्हणजे पुरावा पुसायला सुरुवात तिथेच झाली! त्या काळी अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत बायकांना ज्युरीत बसता येत नसे, म्हणून कथेचं नाव तसं.

ती गोधडी त्या बायकोला धावदोऱ्याने करायची होती की गाठींनी, असं बायका आपसांत बोलतात आणि पुरुष त्यावर हसतात. पण प्रश्न शंभर टक्के खरा आहे. ही नक्षी 'लॉग केबिन'ची. ती बहुधा खाली जुनं कापड धरून त्यावर पट्ट्या बसवत शिवत, त्यामुळे चौकोन जाड होतो, सुई लवकर चालत नाही, आणि पुष्कळ बायका सरळ गाठी मारून मोकळ्या होत. कथेच्या शेवटी वकील थट्टेने तोच प्रश्न पुन्हा विचारतो आणि मिसेस हेल 'गाठी मारणार होती' असं उत्तर देते; त्या शेवटच्या वाक्यातली 'गाठ' मराठीत सांगताना तंतोतंत उतरते, कारण दोराचीही गाठच. इंग्रजीत 'नॉट'मध्ये नकारही ऐकू येतो, तेवढा हातचा जातो.

म्हणून माझं म्हणणं, कथा वाचायच्या आधी एक चौकोन शिव. मापं अशी. खाली जुन्या धोतराचं ९ इंची चौरस कापड. मधोमध अडीच इंची लाल चौकोन. याला घराची चूल मानतात. पट्ट्या दीड इंच रुंद, फिक्या रंगाची ३० इंच, गडद ३६ इंच. माया, म्हणजे शिवणीबाहेर राहणारी कड, सगळीकडे दोन सूत (पाव इंच). लाल चौकोनावर पहिली फिकी पट्टी सुलट बाजू खाली करून ठेव, शिव, उलटव, नखाने दाब. मग घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत दुसरी फिकी, तिसरी नि चौथी गडद. लांब्या पहिल्या फेऱ्यात अडीच, साडेतीन, साडेतीन, साडेचार. पुढच्या प्रत्येक फेऱ्यात यातल्या प्रत्येकीत दोन इंच वाढव. तीन फेऱ्यांनंतर साडेआठ इंचाचा चौकोन तयार होतो, आणि कर्णाच्या एका अंगाला उजेड, दुसऱ्या अंगाला सावली पडते.

बिघडतं ते मायेत. अर्धं सूत जास्त धरलंस तर प्रत्येक शिवणीला दोन्ही कापडांचं मिळून एक सूत जातं. आडव्या रेषेत शिवणी सहा, म्हणजे पाऊण इंच गेला. दिशा मधेच बदलली तर उजेड-सावलीची सरमिसळ होते. पट्टी ताणून शिवली तर चौकोन वाटीसारखा वर येतो. पट्टी लांब ठेवून शिवल्यावर कापायची सवय असते, ती इथे नको. आधीच मापात कापलेली पट्टी चूक लगेच दाखवते. टॉवेल किंवा चादरीच्या चिंध्या घेऊ नकोस, फार जाड होतात. लाल कापड आधी कोमट पाण्यात, स्वच्छ पाणी येईपर्यंत खळबळून घे.

दुसरी कथा ॲलिस वॉकरची 'एव्हरीडे यूज', १९७३ची. शहरात शिकलेली डी आईकडे आजीच्या दोन गोधड्या मागते, भिंतीवर टांगायला. आई त्या धाकट्या मॅगीला देते, जी त्या अंगावर घेईल. मॅगी वापरून फाडून टाकेल, ही डीची तक्रार. त्यावर आईचं उत्तर एवढंच, की मॅगीला गोधडी शिवता येते. एका गोधडीची नक्षी 'लोन स्टार', आठ मोठ्या शंकरपाळ्यांची चांदणी. तिच्या कडा उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्याला तिरप्या कापलेल्या असतात, जरा ताणलं की मधला भाग पुरीसारखा फुगतो. ती सपाट बसवणारीचा हात काय असेल ते यावरून बायकांना कळेल. या कथेवर भांडण होणार, होऊ दे. सुनांना आणि सासवांना वेगवेगळ्या बाजूला मात्र बसवू नकोस.

तिसरी मार्गारेट ॲटवूडची 'एलियस ग्रेस' (१९९६). जाडजूड आहे, भिशीत पुरी होणार नाही. १८४३ मध्ये इथल्याच रिचमंड हिलजवळ घरमालक आणि त्याची घर सांभाळणारी बाई यांचा खून झाला, ग्रेस मार्क्स ही सोळा वर्षांची मोलकरीण पकडली गेली, १८७२ मध्ये सुटली. कादंबरीच्या पंधराही भागांना गोधडीच्या नक्षींची नावं आहेत. शेवटची पानं तेवढी वाच. ग्रेस 'ट्री ऑफ पॅरडाइज' शिवते. झाडाची पानं म्हणजे छोटे त्रिकोण. त्यांतले तीन कुठून आले ते ती सांगते: मेलेल्या मैत्रिणीचा परकर, तुरुंगातला रात्रीचा झगा, आणि खून झालेल्या त्या बाईचा झगा. आपल्याकडेही वाकळीतलं कुठलं ठिगळ कुणाचं, हे म्हाताऱ्या बोट ठेवून सांगतात, त्यामुळे इथे समजावायला काही लागणार नाही.

इस्मत चुगताईंची 'लिहाफ' (१९४२) यादीत घातलेली नाही. तीत रजई आहे, शिवण नाही. भिंतीवर हत्तीसारखी हलणारी सावली आहे. अश्लीलतेचा खटला लाहोरला चालला आणि त्या सुटल्या. भिशीत वाचायची की नाही ते तुझं तू बघ, मी असते तर वाचली असती.

एक सावधगिरी. पळून जाणाऱ्या गुलामांना गोधडीच्या नक्षींतून वाट दाखवली जायची, असं कुणी कादंबरी वाचून सांगेल. १९९९च्या एका पुस्तकाने ते गाजवलं, पण बहुतेक इतिहासकार ते मानत नाहीत.

चौकोन दोन कर. एक मापात, दुसरा मुद्दाम अर्धं सूत जास्त माया धरून आणि टाके लहानमोठे घालून. दोन्ही काही न सांगता हातोहात फिरव आणि मगच ग्लास्पेल वाचायला घे. मिसेस हेल दोरा ओढते त्या ओळीवर दोन मिनिटं थांब, आणि बिघडलेला चौकोन ज्या बाईच्या हातात असेल तिला सुई दे.

काकांना नमस्कार. शेंगाचटणी संपत आलीय.

तुझी,
भाची