जिन्यातले दोन सेकंद

कॅसेटवाले काका,

सप्रेम नमस्कार.

परवा दुकानात धड बोलता आलं नाही. पैसे दिले, पेन ड्राइव्ह पर्समध्ये टाकला आणि सटकले. तिथेच रडू फुटलं असतं.

बाबांच्या जुन्या सिनेमाची व्हिडिओ टेप पेन ड्राइव्हवर भरून घ्यायला तुमच्याआधी दोन दुकानं झाली होती. एकाने टेप तीन आठवडे ठेवून घेतली आणि "बुरशी लागलीय, टाकून द्या" म्हणून परत केली. पिशवीची गाठ मी मारली होती तश्शी होती! दुसऱ्याने कार्टूनमधली सिंड्रेला भरून दिली. 'सिंडरफेला' हे नाव म्हणजे माझीच लिहिण्यातली चूक, असं वाटलं त्याला.

तुम्ही मात्र लेबल वाचून हसलात. "जेरी लुईस! परीच्या जागी म्हातारा येतो, तोच ना?"

तोच. १९६०चा विनोदी सिनेमा, दिग्दर्शक फ्रँक टॅशलिनचा; सिंड्रेलाच्या जागी जेरीचा फेला. आत्याने अमेरिकेहून आणलेली ती टेप म्हणजे बाबांचा जीव की प्राण. सावत्र आई आणि भावांसाठी राबणारा फेला स्वयंपाकघरात रेडिओ लावतो आणि हवेतच सगळी वाद्यं वाजवतो. बाबा रविवारी हातात झारा घेऊन तेच करायचे. आई ओरडायची, तेल गळतंय म्हणून. पक्षाघातानंतर त्यांचा उजवा हात उचलत नाही. बोलणंही तुटक.

टेप साफ केलीत, जोडलीत, त्याचे पैसे घेतलेत. पण रबरबँडने लावलेली ती पेन्सिलीची चिठ्ठी? "जिन्याच्या नाचात टेप तुटली होती. दोन सेकंद पांढरं येईल. वडिलांना आधी सांगा, दचकतील." बाबा आजारी आहेत, एवढंच मी बोलले होते हो तुमच्याशी. लोक हल्ली समोरच्याचं पूर्ण वाक्यसुद्धा ऐकत नाहीत.

बाबांना आधी सांगितलं. लाल कोटातला जेरी, खाली काउंट बेसीचा जॅझ बँड. शूटिंगच्या वेळी याच जिन्यावरून धावत वर जाताना जेरी कोसळला होता, दवाखान्यात न्यावं लागलं, हे बाबा दर वेळी सांगायचे. या वेळी नाही सांगितलं. पांढरं यायच्या जरा आधी डावा हात उचलून मलाच म्हणाले, "आता." आलं, गेलं. मग तोच हात पलंगाच्या कठड्यावर ताल धरत राहिला, गाणं संपेपर्यंत.

घाईत मूळ टेप तुमच्याकडेच राहिली. शनिवारी येते, बाबांना रिक्षात घालून. तुमच्या दुकानाला तीनच पायऱ्या आहेत ना?

तुमची,
टेपवाली