भागधारकांना कारखान्याची पूररेषाही कळू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हवामान बदलाचा धोका शेअर बाजारातील गुंतवणूकदार खरोखर विचारात घेतात का, या विषयावर अलीकडे बरेच लिहिले जाते. मुलुंडमध्ये म्युच्युअल फंड वितरक म्हणून काम करताना मला जे दिसते त्यावरून सांगायचे तर, हवामानाचा विचार गुंतवणूकदार नक्कीच करतात, मात्र तो बहुधा चालू हंगामापुरताच असतो. मार्च उजाडला की एसी, पंखे आणि शीतपेये बनवणाऱ्या कंपन्यांबद्दल विचारणा सुरू होते आणि हवामान विभागाने चांगल्या पावसाचा अंदाज वर्तवला की ट्रॅक्टर व खतांच्या कंपन्यांकडे मोर्चा वळतो. एरवी ११ जूनच्या सुमारास मुंबईत दाखल होणारा मोसमी पाऊस २०२५ मध्ये २६ मे रोजीच आला आणि पुढे एसी कंपन्यांचे जून तिमाहीचे निकाल मंदावले, तेव्हा उन्हाच्या भरवशावर एप्रिलमध्ये त्यांचे शेअर घेतलेले एक निवृत्त गृहस्थ हिरमुसले होऊन माझ्याकडे आले आणि गंभीरपणे विचारू लागले, "मग आता रेनकोट बनवणारी एखादी लिस्टेड कंपनी आहे का हो?"

यात केवळ आपल्याकडच्या छोट्या गुंतवणूकदाराला हसण्याचे कारण नाही. अनेक देशांतील शेअर बाजारांचा अभ्यास करून २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे आढळले, की एखाद्या शहरात नेहमीपेक्षा जास्त उकडू लागले की त्या काळात अधिक कार्बन उत्सर्जन करणाऱ्या कंपन्यांचे शेअर तुलनेने मागे पडतात आणि ते विकणाऱ्यांत मोठ्या संस्था नव्हे, तर किरकोळ गुंतवणूकदार असतात. अंगाला घाम फुटला की मत बदलते, असाच याचा अर्थ लावावा लागेल. वीस वर्षांच्या धोक्याचा निर्णय त्या आठवड्याच्या तापमानावर होत असेल, तर त्याला जोखमीचे मूल्यमापन म्हणता येत नाही.

मोठ्या गुंतवणूकदारांना या धोक्याची जाणीव नाही असे नाही. बँक ऑफ इंग्लंडचे तत्कालीन गव्हर्नर मार्क कार्नी यांनी २०१५ मध्येच विमा व्यवसायातील मंडळींसमोर त्याची मांडणी केली होती. कॅलिफोर्नियातील भीषण वणव्यांच्या भरपाईच्या दाव्यांमुळे पीजी अँड ई या बड्या वीज कंपनीने जानेवारी २०१९ मध्ये दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला, तेव्हा हा विषय ताळेबंदापर्यंत पोहोचला. तरीही बाजारातील भाव त्याच दिशेने जातील याची खात्री नसते. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममध्ये दक्षिण ल्होनाक हे हिमनदीचे सरोवर फुटले, तीस्ता-३ जलविद्युत प्रकल्पाचे धरण वाहून गेले आणि खाली असलेल्या एनएचपीसी या सरकारी जलविद्युत कंपनीच्या ५१० मेगावॉट क्षमतेच्या तीस्ता-५ केंद्राचेही मोठे नुकसान झाले. पुढच्या काही महिन्यांत सरकारी कंपन्यांच्या शेअरांत तेजी आली आणि त्या लाटेत फेब्रुवारी २०२४ पर्यंत एनएचपीसीचा भाव ऑक्टोबरमधील भावाच्या दीडपटीहून वर गेला. कोल इंडिया या सरकारी कोळसा कंपनीचेही तेच. २०२० च्या अखेरीस दीडशे रुपयांच्या आत मिळणारा तो शेअर २०२४ मध्ये पाचशेच्या पुढे गेला, शिवाय लाभांश वेगळा. पर्यावरणाचा विचार करून तो टाळणाऱ्या माझ्या दोन-तीन ग्राहकांना मी काय सांगणार? त्यांचा निर्णय चुकीचा होता असे मला आजही वाटत नाही, पण तो त्यांनी तत्त्वासाठी घेतला होता, आकडे समोर ठेवून नव्हे. आणि आकडे समोर ठेवावेत म्हटले तर ते उपलब्धच नाहीत. माझी तक्रार नेमकी इथे आहे.

शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने २०२१ मध्ये व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवाल आणला आणि २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार कंपन्यांना तो बंधनकारक केला. पाऊल चांगलेच होते. मात्र कंपनीने किती टन कार्बन हवेत सोडला, किती पाणी उपसले, किती कचरा निर्माण केला, यावर या अहवालाचा मुख्य भर आहे. कंपनीमुळे हवामानाचे काय होते हे त्यातून समजते, पण हवामानामुळे कंपनीचे काय होणार, हे विचारण्याची जागा त्यात फारच अपुरी आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यात खाडीजवळ कारखाना असलेल्या एका कंपनीचा हा अहवाल मी एका ग्राहकासाठी मुद्दाम उघडून पाहिला. महत्त्वाच्या मुद्द्यांच्या तक्त्यात 'हवामान बदल' असे लिहिले होते, पुढच्या रकान्यात 'धोका', त्यापुढे अतिवृष्टी व उष्णतेच्या लाटांबद्दल कुठल्याही कंपनीला लागू पडेल असे एक गुळगुळीत वाक्य आणि आर्थिक परिणामाच्या रकान्यात एकच शब्द, 'नकारात्मक'. किती रुपयांनी नकारात्मक, हे विचारायची सोय नाही, कारण नमुन्यात तेवढेच विचारले आहे. देशात कारखाने किती, ती संख्या याच अहवालात मिळते, त्यांचे पत्ते मात्र वार्षिक अहवालाच्या कंपनी प्रशासन विभागात शोधावे लागतात, आणि त्यातला कोणता कारखाना पूररेषेच्या आत आहे हे कुठेच मिळत नाही.

पूर येऊन गेल्यावर मात्र सगळे कळते. नैसर्गिक आपत्तीमुळे कामकाज खंडित झाल्यास सूचिबद्धता नियमांनुसार कंपनीला शेअर बाजाराला कळवावे लागते. तोपर्यंत भागधारकाचे जे व्हायचे ते झालेले असते. सेबीचे मुख्यालय आणि राष्ट्रीय शेअर बाजार हे दोन्ही वांद्रे-कुर्ला संकुलात, मिठी नदीच्या काठच्या भरावावर उभे आहेत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मिठीने काय केले, हे त्या इमारतींत बसणाऱ्यांना मी सांगायला नको.

आंतरराष्ट्रीय शाश्वतता मानक मंडळाने जून २०२३ मध्ये जे हवामानविषयक मानक जाहीर केले, त्यात भौतिक धोक्याच्या, म्हणजे पूर, वादळ, उष्णता यांच्या छायेत असलेली मालमत्ता किती रकमेची आणि एकूण मालमत्तेच्या किती टक्के आहे, हे सांगण्याची अपेक्षा आहे. सेबीने ही एक ओळ आपल्या नमुन्यात घ्यावी आणि तिच्यासोबत गेल्या पाच वर्षांत पूर, वादळ किंवा उष्णतेमुळे कोणता कारखाना किती दिवस बंद राहिला व विमा हप्ता किती वाढला, हेही विचारावे. कंपन्यांवर आधीच अहवालांचा भार आहे, अशी तक्रार यावर होईल, आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुरवठा साखळीच्या माहितीबाबत सेबीने सवलत दिली तीही याच कारणास्तव. परंतु ही माहिती नव्याने गोळा करण्याची गरजच नाही. मोठ्या कारखान्याचा पूर व वादळाचा विमा उतरवताना विमा कंपनी जागेची पाहणी करते, जोत्याची उंची आणि यापूर्वीचे दावे तपासते. कर्ज देणारी बँक विम्याची कागदपत्रे मागते आणि आता रिझर्व्ह बँकेनेही बँकांच्या हवामानविषयक जोखमीच्या प्रकटीकरणाचा मसुदा फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला आहे. विमेकऱ्याला आणि सावकाराला जे दाखवले जाते, ते भागधारकापासून का दडवावे? कंपनीत भांडवल तर त्याचेच गुंतलेले असते.

नियम बदलेपर्यंत ऑगस्ट-सप्टेंबरमधील वार्षिक सर्वसाधारण सभांचा उपयोग करता येईल. पूर्वी चर्चगेटच्या सभागृहांत होणाऱ्या या सभांना अल्पोपाहारासाठी जाणाऱ्यांची संख्या बरीच असे. आता बऱ्याचशा सभा दृक्‌श्राव्य माध्यमातून होतात, वक्ता म्हणून आगाऊ नोंदणी केली की घरबसल्या प्रश्न विचारता येतो, आणि त्यासाठी एक शेअरही पुरतो. माझ्या ग्राहकांना यंदा मी एकच प्रश्न लिहून दिला आहे: आपल्या सर्वांत मोठ्या कारखान्यात गेल्या पाच वर्षांत पाणी शिरले होते का, आणि शिरले असल्यास उत्पादन पुन्हा सुरू व्हायला किती दिवस लागले?

आपला विश्वासू,
एक म्युच्युअल फंड वितरक, मुलुंड (पूर्व), मुंबई