वारा पडला तरी लाट थांबत नाही

पणजी,
फेब्रुवारीअखेर

प्रिय मंगेश,
सप्रेम नमस्कार.

बोट सुखरूप मांडवी नदीत आली. मुंबईपासून दोनशेहून जास्त सागरी मैल, जवळजवळ सगळे शिडावर. देवगडसमोर एक रात्र काढली, ती तुला सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

निघालो तेव्हा दुपारचा पश्चिमेचा वारा नुकता लागत होता. मुंबईच्या टोकाचं प्राँग्ज दीपगृह मागे पडेपर्यंत तो वायव्येला सरकला आणि वाढला. मेनसेल, म्हणजे मोठं शीड, रीफ करून लहान केलं, जाळ्यांपासून लांब राहायचं म्हणून बाहेरची वाट धरली. या दिवसांत कोकणच्या समुद्रावर वारा रोज एक फेरी पुरी करतो. दुपारी पश्चिमेकडून उठतो, पृथ्वीच्या फिरण्यामुळे हळूहळू उजवीकडे वळत संध्याकाळी वायव्येचा होतो, रात्री उत्तरेला जाऊन विझतो, आणि पहाटे जमिनीवरून मतलई सुटते. दक्षिणेला जाणाऱ्या बोटीला हा वारा दिवसा उजवीकडून ढकलतो, पहाटे डावीकडून. शिडाच्या होड्या पहाटे मतलईवर बाहेर जायच्या आणि दुपारी समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यावर घरी यायच्या, हे तुझ्या आजोबांच्या तोंडून आपण किती वेळा ऐकलंय! त्यामागचा हिशोब किती पक्का होता ते आता कळलं.

देवगडच्या दिव्याचा उजेड डावीकडे क्षितिजावर दिसायला लागला आणि वारा पडला. पूर्ण पडला. समुद्र मात्र निजला नाही. इथे एकावर एक दोन लाटा होत्या. एक मागून, वायव्येची, आखूड आणि घाईची. हिवाळ्यात अरबस्तानाकडे शमाल वारा जोर करतो, त्याची लाट दोनेक दिवसांत आपल्या किनाऱ्याला येते. दुसरी नैर्ऋत्येची, लांब आणि संथ. ती तर विषुववृत्ताच्याही पलीकडून, दक्षिण महासागरातल्या वादळांतून, आठवडाभराचा प्रवास करून आलेली. डोळे मिटून बसलं की दोन्ही वेगळ्या कळतात. मी घड्याळ लावून मोजलं, लांब लाटेच्या दोन उंचवट्यांमध्ये चौदा-पंधरा सेकंद जात होते. एवढ्या कालावधीच्या लाटेच्या दोन माथ्यांमध्ये खोल समुद्रात तीनशे मीटरांहून जास्त अंतर असतं. ज्या वाऱ्यानं ती उठवली तो केव्हाच विरून गेलेला, आणि ती इथे येऊन आमची बोट उचलत होती. मला त्या अंधारात फार भरून आलं, मंगेश.

पण बोटीचे हाल विचारू नकोस. शिडात वारा नसला की बोटीला टेकायला काही उरत नाही. ती या कुशीवरून त्या कुशीवर लोळत राहते. प्रत्येक हेलकाव्याला मेनसेल फडाडून रिकामं व्हायचं, बूम, म्हणजे त्याच्या तळाची आडवी काठी, धाडकन दुसऱ्या बाजूला ओढ घ्यायची आणि आत कपाटातले डबे खडखडायचे. शेवटी बूम दोराने कठड्याशी करकचून बांधली, जिब, म्हणजे पुढचं शीड, गुंडाळून टाकली आणि वाट पाहत बसलो. सोबतचे दोघं इंजिन लावू या म्हणत होते. मी अडून बसलो. मतलई येणारच होती.

साडेतीनच्या सुमारास आधी वास आला. भाजावळीचा, शेतं भाजण्याचा! तोडलेल्या फांद्यांची कवळं, पालापाचोळा जाळल्याचा तो ओला, कडवट धूर, किनारा डोळ्यांना दिसत नसताना. मग डाव्या गालाला गार वाटलं. बूम सोडवली, जिब उघडली, तिची दोरी, म्हणजे शीट, विंचच्या चरकावर दोन हात ओढली आणि शीड भरलं. बोट उजव्या अंगावर जराशी कलली आणि लोळणं एकदम थांबलं. लाटा त्याच होत्या, तेवढ्याच उंच. किनाऱ्यावरून आपण वादळाला भितो, वारा पडण्याची भीती कुणी सांगत नाही. मला तरी आता भर वाऱ्यातली दोन मीटरची लाट वाऱ्याविना मीटरभर लाटेपेक्षा हजारपट बरी वाटते.

पुढचं सोपं गेलं. वेंगुर्ल्यासमोरचे खडक, वेंगुर्ला रॉक्स, बरेच बाहेरून टाळले, मांडवीच्या मुखावरचा आग्वाद किल्ला दिसेपर्यंत खारा वारा परत उजवीकडून लागला होता.

तुझ्या बाबांना माझं एक काम सांग. आजोबांबरोबर ते लहानपणी शिडाच्या होडीवर जात. मतलई कोणत्या महिन्यापासून दगा द्यायला लागते आणि त्याची खूण आदल्या संध्याकाळी आभाळात दिसते का, एवढं त्यांना विचार आणि त्यांच्याच शब्दांत लिहून पाठव. होळीला देवगडला येतोय, तेव्हा बाकीचं बोलू. आईंना नमस्कार.

तुझा,
सुहास