नवदिग्दर्शकांना रंगमंचावर तालीम मिळावी

महोदय,

विद्यापीठ पातळीवर नव्या विद्यार्थी दिग्दर्शकांच्या एकांकिकांचे महोत्सव भरतात, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. मात्र त्यांच्या आखणीत दिग्दर्शनापेक्षा वेळापत्रकालाच अधिक मान मिळतो, असे वाटते. वर्गखोलीत बाके बाजूला सारून बसवलेली एकांकिका रंगमंचावर प्रथमच उभी राहते ती अनेकदा थेट प्रेक्षकांसमोर, आणि मग प्रकाशझोताबाहेर राहिलेला नट, उशिरा आलेले पार्श्वसंगीत किंवा काळोखात अडखळलेला नेपथ्यबदल यांसाठी दिग्दर्शकाचे गुण कापले जातात. वास्तविक प्रकाश आणि हालचाली यांचा मेळ घालणे हेच त्याने शिकायचे असते, आणि ते रंगमंचावरच शिकता येते. म्हणून प्रत्येक संघाला आधी एक तांत्रिक तालीम तेथे मिळावी. प्रयोगानंतर परीक्षकांनी दिग्दर्शकाशी खुली चर्चाही करावी, करंडक कोणाला, हा प्रश्न तुलनेने गौण आहे (जिंकणाऱ्यांना हे पटणार नाही!).

विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ सांगलीतच सादर केले, तेव्हा त्या नवख्या नाटककाराला चिंतामणराव पटवर्धन यांचा राजाश्रय होता. शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात कोल्हापूर, साताऱ्याबरोबर सांगली जिल्हाही येतो. तेव्हा ५ नोव्हेंबरच्या मराठी रंगभूमी दिनाच्या सुमारास, दिवाळीची सुट्टी सांभाळून, असा महोत्सव भावे यांच्या नावाच्या येथील नाट्यमंदिरात भरवावा आणि तालमीच्या भाड्याचा भार विद्यार्थ्यांवर न टाकता विद्यापीठाने उचलावा.

— एक नाट्यरसिक, सांगली