विमानातला मान आणि किराण्याचे बिल

संपादक महोदय,

आपल्या अर्थविषयक पुरवणीत अलीकडे विमान कंपन्यांनी बँकांबरोबर मिळून काढलेल्या को-ब्रँडेड क्रेडिट कार्डांविषयी जी माहिती आली, तिच्यात 'घरखर्च कार्डावर वळवा आणि एलिट प्रवासी', म्हणजे कंपनी ज्याचा खास मान ठेवते असा वरच्या दर्जाचा प्रवासी, 'व्हा' अशी जवळजवळ शिफारसच होती. चौतीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला असे काही वाचले की कागद ओढून हिशेब मांडण्याची खोड आवरत नाही. शिवाय या खेळाचे माहेर असलेल्या अमेरिकेत तो कसा खेळला जातो, हे मागच्या हिवाळ्यात मी घरात बसून पाहिले आहे. म्हणून हे पत्र.

आम्ही उभयता तीन महिने मुलीकडे, डॅलसजवळ होतो. डॅलस-फोर्ट वर्थ हा अमेरिकन एअरलाइन्सचा सर्वांत मोठा तळ असल्यामुळे आमच्या जावयांच्या खिशात त्याच कंपनीचे कार्ड आहे. टेक्सासात घराचा मालमत्ता कर जानेवारीअखेर भरावा लागतो. तो बँक खात्यातून परस्पर भरला तर वर काही द्यावे लागत नाही. कार्डाने भरला तर सव्वादोन टक्के शुल्क पडते. जावयांनी नऊ हजार डॉलरचा कर कार्डाने भरला आणि वरचे दोनशे दोन डॉलर हसतमुखाने दिले. मी कारण विचारले तेव्हा त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. त्यावरच्या तक्त्यात महिनावार रकाने होते, सर्वांत खाली लाल रंगात, वरच्या दर्जासाठी अजून कमी पडणाऱ्या पॉइंटांची तूट होती आणि तिच्यापुढे 'फेब्रुवारीअखेर' असे लिहिलेले होते.

पुढचे चार आठवडे त्या लाल आकड्यानेच घर चालवले, असे म्हटले तरी चालेल. दाताचे जे काम उन्हाळ्यात करायचे होते ते फेब्रुवारीत उरकले. मराठी मंडळींच्या संक्रांतीच्या कार्यक्रमाच्या जेवणाचे बिल जावयांनी पुढे होऊन आपल्या कार्डावर घेतले आणि घराघराकडून झेलवर (तिथल्या बँकांच्या पैसे पाठवण्याच्या सोयीवर) पैसे जमा केले. लोकांनी त्यांच्या तत्परतेचे कौतुक केले आणि ते त्यांनी स्वीकारलेही. शेवटच्या आठवड्यात माझ्या सौभाग्यवतींसाठी चालायचे बूट आले, तेही कंपनीच्या खरेदीच्या संकेतस्थळामार्फत, कारण तिथून घेतल्यास जास्तीचे पॉइंट पडतात. बूट उत्तम आहेत. मात्र ते ज्या दिवशी घेतले, त्या दिवशी त्यांची गरज आम्हांला नव्हती, तक्त्याला होती.

या तक्त्यामागची योजना थोडक्यात सांगतो. अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी ॲडव्हान्टेज ही योजना सुरू केली तेव्हा तिचा अर्थ सरळ होता : जो आमच्या विमानाने वारंवार उडतो त्याला आम्ही ओळखतो आणि त्याचा थोडा मान ठेवतो. मार्च २०२२ पासून या कंपनीने दर्जा ठरवण्यासाठी 'लॉयल्टी पॉइंट' हे एकच माप ठेवले. वर्ष १ मार्चला सुरू होते आणि फेब्रुवारीअखेर संपते. गोल्डसाठी ४०,००० पॉइंट, प्लॅटिनमसाठी ७५,०००, प्लॅटिनम प्रोसाठी १,२५,००० आणि एक्झिक्युटिव्ह प्लॅटिनमसाठी २,००,००० पॉइंट लागतात. तिकिटावर खर्च केलेल्या डॉलरमागे साध्या सभासदाला पाच पॉइंट मिळतात, सर्वांत वरच्या दर्जाच्या सभासदाला अकरा. आणि कंपनीच्या कार्डावर खर्च केलेल्या डॉलरमागे एक. उपाहारगृहात किंवा पेट्रोल पंपावर कार्ड दुप्पट मैल (तिकिटासाठी वापरता येणारे बक्षिसाचे गुण) देत असले, तरी दर्जाच्या मोजणीत डॉलरला एकच पॉइंट धरला जातो, ही बारीक अट अनेकांना वर्ष संपताना कळते. या पद्धतीत एखादा माणूस वर्षभर विमानाची पायरीही न चढता केवळ कार्डाच्या जोरावर गोल्ड होऊ शकतो. मला यात फसवणूक दिसत नाही, कारण सारे उघड छापलेले आहे. पण 'वारंवार उडणारा प्रवासी' या शब्दांना आता काय अर्थ उरला, हे मात्र समजत नाही.

डेल्टा या दुसऱ्या अमेरिकन विमान कंपनीने हाच प्रकार दुसऱ्या टोकाने केला. सप्टेंबर २०२३ मध्ये तिने जाहीर केले की पुढच्या वर्षापासून किती मैल उडलात ते पाहिले जाणार नाही, फक्त किती डॉलर खर्च केलेत ते पाहिले जाईल, आणि सर्वोच्च डायमंड दर्जासाठी ३५,००० डॉलरची पात्रता लागेल. कार्डावरचा खर्चही धरला जाईल, पण महागड्या रिझर्व्ह कार्डावर दहा डॉलर खर्चाला पात्रतेचा एक डॉलर आणि त्याखालच्या प्लॅटिनम कार्डावर वीस डॉलरला एक या दराने. सभासद एवढे खवळले की आपण जरा जास्तच पुढे गेलो अशी कबुली कंपनीचे प्रमुख एड बास्टियन यांना त्याच महिन्यात द्यावी लागली, आणि ऑक्टोबरात ती मर्यादा २८,००० वर आणली गेली. ही सवलत मानली, तरी रिझर्व्ह कार्डावर वर्षाच्या आरंभी आपोआप मिळणारे २,५०० वजा करून उरलेली पात्रता निव्वळ कार्डावरून मिळवायची म्हटल्यास दोन लाख पंचावन्न हजार डॉलरचा खर्च करावा लागतो. एवढा घरखर्च असणाऱ्याला पहिल्या वर्गाचे तिकीट रोख घेणे का परवडत नाही, हा प्रश्न मी जावयांना विचारला. त्यांनी विषय बदलला.

विमान कंपन्या एवढा खटाटोप का करतात याचे उत्तर त्यांच्या ताळेबंदात आहे. कार्ड देणारी बँक सभासदांना वाटायचे मैल विमान कंपनीकडून रोख पैसे मोजून विकत घेते. डेल्टाची कार्डे काढणाऱ्या अमेरिकन एक्सप्रेसकडून डेल्टाला २०२४ मध्ये सुमारे ७.४ अब्ज डॉलर मिळाले. त्या वर्षीचा कंपनीचा निव्वळ नफा सुमारे साडेतीन अब्ज होता. उत्पन्न आणि नफा यांची थेट तुलना करू नये हे मला कळते, पण पारडे कुठे झुकते आहे ते यावरून दिसते. २०२० च्या साथीत आकाश ओस पडले तेव्हा डेल्टाने आपली मैलांची योजना तारण ठेवून नऊ अब्ज डॉलर उभे केले. तारण कर्जाचे प्रस्ताव तपासण्यात माझे आयुष्य गेले. ज्या काळात विमाने धूळ खात उभी होती, त्या काळात सभासदांच्या खात्यातल्या पॉइंटांवर सावकारांनी डोळे मिटून पैसे दिले, याचे मला आजही नवल वाटते. तेव्हा दर्जाची पायरी कार्डाच्या खर्चाला जोडणे ही कंपनीच्या बाजूने अगदी शहाणपणाची गोष्ट आहे. सभासद ज्याला आपली निष्ठा समजतो, तो कंपनीच्या दृष्टीने बँकेला विकण्याचा माल आहे.

आता हा पैसा येतो कुठून, हे आपल्या वाचकांसाठी अधिक महत्त्वाचे. कार्डाने पैसे दिले की दुकानदाराला त्यातला काही भाग बँकेला द्यावा लागतो. अमेरिकेत क्रेडिट कार्डावर हा भार दोन टक्क्यांच्या आसपास असतो, आणि दुकानदार तो सगळ्या मालाच्या किमतीवर पसरतो. म्हणजे रोख पैसे देऊन दूध-पाव घेणारी बाई कुणाच्या तरी प्लॅटिनम दर्जाला हातभार लावत असते. युरोपीय संघाने २०१५ मध्ये क्रेडिट कार्डावर कार्ड देणाऱ्या बँकेच्या वाट्याला जाणारी ही रक्कम ०.३ टक्क्यांवर रोखली. वाटायलाच पैसा उरला नाही, त्यामुळे तिथल्या कार्डांना अमेरिकेची उदारता परवडत नाही. आपल्याकडे जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराला हा भार नाही. लक्ष्मी रस्त्यावर साडी घेताना मी मुद्दाम कार्ड पुढे केले, तेव्हा गल्ल्यावरचा मुलगा शांतपणे म्हणाला, "काका, कार्डाला दोन टक्के वर पडतील, स्कॅन करा ना." एवढ्या एका वाक्यात त्या मुलाने अमेरिकेतल्या साऱ्या योजनेचा खर्च सांगून टाकला. तिथे तो किमतीत दडलेला असतो, इथे तो तोंडावर सांगितला जातो, एवढाच फरक.

आपल्याकडचा अनुभव तर अगदी ताजा आहे. जेट एअरवेजची विमाने १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. तिची मैलांची योजना वेगळ्या कंपनीकडे असल्याने पॉइंट वाचले, पुढे तिचे नाव इंटरमाइल्स झाले. पण प्लॅटिनम दर्जाचे कार्ड दाखवायचे कुणाला, जेव्हा काउंटरच उरला नाही? विस्ताराच्या काही कार्डांबरोबर तर वार्षिक शुल्क भरताच सिल्व्हर किंवा गोल्ड दर्जा मिळत असे, प्रवास करण्याची अटच नव्हती. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, सभासद एअर इंडियाच्या महाराजा क्लब या योजनेत गेले, आणि त्या नावाच्या कार्डांवरचे फायदे २०२५ मध्ये एकेक करून बंद होत गेले. यात कुणी लबाडी केली असे मी म्हणत नाही. कंपन्या विकल्या जातात, विलीन होतात, बुडतात. कार्डाचे बिल मात्र दर महिन्याला येतच राहते.

आपल्या पुरवणीतील लेखात 'घरभाडेही कार्डाने भरा' असा सल्ला होता, त्याचाही हिशेब मांडतो. अनेक बँका भाड्याच्या रकमेवर एक टक्का शुल्क आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी घेतात. चाळीस हजार भाडे असेल तर महिन्याला ४७२ रुपये, वर्षाला ५,६६४ रुपये झाले. आणि पुष्कळ कार्डांवर भाडे, इंधन, विम्याचा हप्ता यांवर पॉइंट मिळतच नाहीत. त्यापेक्षा भयंकर गोष्ट म्हणजे थकबाकी. कार्डावरचे व्याज महिन्याला साडेतीन टक्के किंवा त्याहूनही जास्त असू शकते. साडेतीन टक्केच धरले, तरी एक लाख रुपये एक महिना थकले तर ३,५०० रुपये व्याज आणि त्यावर जीएसटी धरून ४,१३० रुपये गेले. टप्पा गाठण्यासाठी वर्षअखेर घाईने केलेली खरेदी नेमकी अशीच थकते, हे मी शाखेत असताना किती तरी खात्यांवर पाहिले आहे.

ज्याची नोकरी फिरतीची आहे, ज्याचा प्रवास त्याला टप्प्याच्या अगदी जवळ आणून सोडतो आणि जो बिल मुदतीत पूर्ण भरतो, त्याने उरलेले थोडे पॉइंट कार्डावरून मिळवले तर त्यात वावगे काही नाही. जास्तीचे सामान, बरी आसने, विमान रद्द झाल्यावर आधी उचलला जाणारा फोन, हे सगळे त्याच्या कामाचे आहे. वर्षातून दोनदा उडणाऱ्याला मात्र पाच मिनिटे आधी आत जाऊन बसण्यापलीकडे फारसे काही हाती लागत नाही, आणि विमान तर सगळ्यांना घेऊनच सुटते. सामानाची सवलत आणि लाउंजचा प्रवेश पुष्कळदा कार्डाबरोबरच मिळतो. त्यासाठी दर्जा कमावण्याची गरज नसते.

कायद्याच्या दृष्टीने हा दर्जा किती पातळ आहे, याचे उदाहरण अमेरिकेतच घडले. मिनेसोटा राज्यातील एका रब्बींचा (ज्यू धर्मगुरूंचा) वरचा दर्जा नॉर्थवेस्ट एअरलाइन्सने, ते फार तक्रारी करतात या कारणावरून, २००८ मध्ये काढून घेतला. ते न्यायालयात गेले. २०१४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने कंपनीच्या बाजूने निकाल दिला : कंपनीने चांगुलपणाने वागावे या अलिखित तत्त्वावर आधारलेला त्यांचा दावा विमान वाहतूक सरकारी नियंत्रणातून मुक्त करणाऱ्या कायद्यापुढे टिकत नाही. ज्यासाठी लोक घराचा कर कार्डावर भरतात, ती गोष्ट कंपनीच्या मर्जीवर किती अवलंबून आहे, हे यावरून लक्षात येईल.

रिझर्व्ह बँकेच्या कार्डविषयक निर्देशांत दोन चांगल्या तरतुदी आहेत. कार्डाच्या अर्जाबरोबर व्याज आणि शुल्क सांगणारे एक पानी माहितीपत्रक द्यावे लागते, आणि शुल्क वाढवायचे झाल्यास किमान एक महिना आधी कळवावे लागते. माझी सूचना एवढीच आहे की विमान कंपनीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या कार्डांच्या त्या एका पानावर आणखी तीन ओळी ठळक अक्षरांत छापायला लावाव्यात : दर्जा देणे-काढणे बँकेच्या हाती नाही, कोणत्या खर्चावर पॉइंट मिळत नाहीत, आणि निव्वळ कार्डाच्या खर्चावर पहिला दर्जा मिळवायचा तर वर्षाला किती रुपये खर्च करावे लागतील. दर्जाच्या अटी बदलताना निदान चालू वर्षासाठी जुन्याच अटी पाळाव्यात. आपल्या पुरवणीनेही अशा कार्डांची तुलना देताना 'मिळणारे फायदे' या रकान्याशेजारी 'त्यासाठी करावा लागणारा खर्च' असा रकाना द्यावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त बँक अधिकारी
कोथरूड, पुणे